गिळलेल्या दुःखाचं काय करायचं?

कुणी चुलीपुढं असाल, कुणी खुरपायला निघायच्या घाईत असाल, कुणी रेडिओ खिडकीत ठेवून गोठा झाडत असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा. गेल्या खेपेला आपण परसबागेतल्या भाज्यांवर बोललो. आजचा विषय मेथीच्या जुडीसारखा हातात धरून दाखवता येत नाही. आज मनाच्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे.

हा विषय काढला की बायका लगेच म्हणतात, “आम्ही काय येड्या आहोत का?” नाहीतर म्हणतात, “दुःख कुणाला चुकलंय? गिळायचं अन् कामाला लागायचं.” पहिल्या बोलण्याचं उत्तर सोपं आहे. पाय मुरगळला म्हणून कुणी लंगडी ठरत नाही, तसं मन दुखलं म्हणून कुणी येडी ठरत नाही. दुसऱ्या बोलण्याला मात्र आम्हीही एकदम खोटं म्हणणार नाही. गिळायला आपल्याला आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. काही दिवस ते कामालाही येतं. घरात मयत झालं तरी म्हशीची धार काढावीच लागते, लेकरांना भूक लागतेच. त्या दिवशी बाई गिळते म्हणून घर उभं राहतं. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गिळलेलं जातं कुठं?

आमच्या गटात चौदाजणी आहेत. एका बैठकीत आम्ही सहज विचारलं, डॉक्टरला दाखवूनही न सापडलेलं दुखणं कुणाकुणाला आहे? नऊ हात वर आले. कुणाची छाती धडधडते, कुणाच्या डोक्यात घण पडतात, कुणाच्या अंगाला मुंग्या येतात, कुणाचा रात्री दोन वाजता डोळा उघडतो तो कोंबडा आरवेपर्यंत मिटत नाही. कुणाचा घास घशाखाली उतरत नाही. तालुक्याला जाऊन रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, सगळं नॉर्मल. मग एक सलाईन, तीन दिवसांच्या गोळ्या आणि “टेन्शन घेऊ नका” एवढं बोलून घरी. सलाईननं दोन दिवस बरं वाटतंही. कारण त्या दोन दिवसांत कुणीतरी आपल्याला झोपवलेलं असतं आणि कुणी उठ म्हणत नाही!

गंमत सोडा. अंगाचं दुखणं आधी तपासूनच घ्यायचं. बाईची धडधड म्हणजे मनाचंच काहीतरी, असं धरून बसलो तर रक्त कमी असलेली किंवा थायरॉईडचा त्रास असलेली बाई तशीच मागं राहते. पण तपासून काही निघालं नाही, तर दुखणं खोटं आहे असं कुणी म्हणू नये. दुखणं खरंच आहे. ते जिथून येतंय तिथं आपण पाहिलेलं नाही, एवढंच.

आपल्या आज्या तरी काय करायच्या, असं वाटत असेल ना? आज्यांकडं जातं होतं. पहाटे उठून दळायला बसायचं, समोर जोडीला जाऊ नाहीतर नणंद. हात फिरायचा, पीठ पडायचं आणि तोंडातून ओवी यायची. त्या ओवीत सगळं असायचं. सासरचा जाच, माहेरची ओढ, न येणारा भाऊ, गेलेलं लेकरू, वनवासातली सीता. दिवसा ज्या सासूपुढं मान वर करायची सोय नव्हती, तिच्याबद्दल पहाटे ओवीतून बोलता यायचं, आणि ते सासूलाही ऐकू जायचं! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी मिळून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून अशा ओव्या गोळा केल्या. त्या लाखाहून जास्त भरल्या. लाखाहून जास्त ओव्या, बायांनो, आणि त्या रचणाऱ्या बहुतेकजणी कधी शाळेची पायरी न चढलेल्या.

मग गावात पिठाची गिरणी आली. फार चांगलं झालं. पहाटे तीनला उठून खांदे मोडून दळायचे दिवस परत यावेत, असं आमच्यातल्या एकीलाही वाटत नाही. पण जात्याबरोबर आणखी काही गेलं. तो वेळ गेला, ती जागा गेली, समोर बसून ऐकणारी गेली. दुःख तेवढं राहिलं. गिरणीवर डबा ठेवून रांगेत उभं राहताना कुणी ओवी म्हणत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. आमच्याच गटातल्या एका ताईची. तिला विचारून सांगतोय. नाव, गाव सांगणार नाही. हे बोलणं लिहून झाल्यावर आधी तिला वाचून दाखवलं. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

या ताईच्या मालकांनी जीव दिला. लागोपाठ दोन वर्षं सोयाबीन हाती आलं नव्हतं, बँकेचं कर्ज होतं, खासगी सावकाराचं वेगळं. मयतीच्या दिवसापासून तिच्या दारात माणसं आली ती कागद घेऊन. पोलीस आले, पंचनामा झाला. तलाठी आले. कर्ज किती, कुणाचं, जमीन कुणाच्या नावावर, पिण्याची सवय होती का, घरात भांडण झालं होतं का. तेच प्रश्न पाच माणसांनी पाच वेळा विचारले. ती उत्तरं देत गेली. तुम्हाला माहीतच असेल, शेतकऱ्याची आत्महत्या झाली की सरकारची एक लाखाची मदत असते, पण ती सगळ्यांना मिळत नाही. प्रकरण समितीपुढं जातं आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. कर्ज आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर होता, म्हणून हिचं प्रकरण अपात्र ठरलं. तो कागद हातात आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मेल्यावरबी नापास केलं.”

या सगळ्यात ती रडलीच नाही. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी ती दुसऱ्याच्या रानात रोजानं गेली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. गटाच्या बैठकीला ती दर महिन्याला यायची, दोनशे रुपये भरायची, सही करायची, निघून जायची. तीन वर्षं. वर हात वर केलेल्या ज्या नऊजणी सांगितल्या, त्यांतली धडधडीवाली हीच. छातीच्या पट्ट्या आणि सलाईन मिळून तिचे किती पैसे गेले त्याचा तिनं नंतर हिशोब केला. त्यात एक शेळी आली असती.

ती बोलायला लागली ती बैठकीत नाही. उन्हाळ्यात आमच्या गटाला उडदाच्या पापडांचं काम आलं होतं. सात-आठजणी लाट्या करत, पापड लाटत बसलो होतो. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं, सगळ्यांची नजर पोळपाटावर. बोलता बोलता आमच्यातल्या म्हाताऱ्या काकूंनी स्वतःची चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट काढली. मालक गेले तेव्हा बायकांनी धरून बसवलं, दगडानं बांगड्या फोडल्या, काच मनगटात गेली, ते रक्त पुसायचंही कुणाला सुचलं नाही. काकूंनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, मिठाचा भाव सांगावा तसं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. आणि मग ही ताई, मान खाली घालून, लाटणं चालू ठेवून म्हणाली, “मला मालकाचा लई राग येतो.”

हे बोलायला किती धाडस लागतं ते ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनाच कळेल. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं. त्यातून नवरा. त्यातून असा गेलेला. आपल्यापैकी कुणीही चटकन म्हणालं असतं, “असं बोलू नये गं.” त्या दिवशी ते कुणी म्हणालं नाही, कारण काकूंनी कुणाला मधे बोलूच दिलं नाही. त्या म्हणाल्या, “मला बी यायचा.”

पुढचं सगळं एका दिवसात झालं नाही. सिनेमात बाई एकदा ओक्साबोक्शी रडते आणि तिथून तिचं आयुष्य बदलतं, तसं खऱ्यात होत नाही. ही अर्धंच सांगायची आणि थांबायची. एका महिन्यात बैठकीला आलीच नाही. दोघीजणी तिच्या घरी गेल्या, चहा घेतला, शेळीच्या पिल्लाबद्दल बोलल्या आणि परत आल्या. विषय काढला नाही. पुढच्या महिन्यात ती आली. रागाच्या खाली काय होतं ते बाहेर यायला पावसाळा लागला. आदल्या संध्याकाळी मालक रानातून आले होते, चहा मागितला होता. ती दिवसभर खुरपून दमलेली. म्हणाली, “घ्या करून.” एवढंच. पण तीन वर्षं तिच्या छातीत तो चहा होता.

आपण काय म्हणतो अशा वेळी? “तुझा काय दोष? मनाला लावून घेऊ नको.” खरं आहे, पण ते ऐकून ज्याच्या मनाला लागलंय त्याचं काही सुटत नाही. ते तर तिनं स्वतःला हजार वेळा सांगितलेलं असतं. काकूंनी विचारलं, “रोज चहा द्यायचीस का?”
“व्हय.”
“किती वरसं?”
ताई हिशोब करायला लागली. लग्न कोणत्या साली झालं, थोरला कधी झाला. “सतरा.”
काकू काही बोलल्या नाहीत. ताई तो आकडा मनातल्या मनात दोनदा म्हणाली असावी, तिचे ओठ हलले. आणि मग ती रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आम्ही पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि बसून राहिलो.

आता तिचं काय चाललंय? सावकाराचं थोडं देणं अजून आहे. सोयाबीन काढणीचे दिवस आले की धडधड अजूनही होते. पण झोप लागते. छातीची पट्टी काढायला ती गेल्या वर्षभरात गेलेली नाही. सासऱ्यांशी बोलून तिनं जमिनीत स्वतःचं आणि मुलांचं नाव लावायला घेतलं, तलाठ्याकडं तिसऱ्यांदा जाताना आमच्यातली एक बरोबर होती. आणि आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. तिचा थोरला नववीत आहे. बापाचं नावच त्यानं टाकलं होतं, घरात फोटोही नव्हता. आईच बोलत नव्हती तर पोरगं कुठून बोलणार? आता भिंतीवर फोटो आहे. रानात पाणी धरताना, बाप कसं दार मोडायचा ते ती पोराला सांगते.

“दुःखानं माणूस मोठं होतं” असं भाषणांत ऐकायला मिळतं. आम्हाला हे वाक्य आवडत नाही. दुःख कुणाला काही शिकवायला येत नाही. ही ताई मिळवलेलं सगळं शहाणपण परत देईल, मालक परत मिळणार असतील तर. मोठी ती झाली असेल, तर दुःखाकडं वळून पाहिल्यामुळं झाली, आणि तेही एकटीनं पाहावं लागलं नाही म्हणून.

आमच्या रेडिओवरच्या पोरींनी मग शोध घेतला, की असं बायाबायांनी मिळून कुठं कुणी केलंय का. त्यांना सापडलं ते आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात. ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

झिंबाब्वेत २००५ साली सरकारनं शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. लाखो लोकांचं घर किंवा रोजगार गेला. त्या आधीपासून एड्सनं घरंच्या घरं उजाड केली होती. आणि अख्ख्या देशात मनाचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले एक डॉक्टर डिक्सन चिबांडा. त्यांच्या एका तरुण पेशंट मुलीनं जीव दिला. इस्पितळात यायला बसभाड्याचे पैसे तिच्या घरच्यांकडं नव्हते. डॉक्टरांना कळून चुकलं, की इस्पितळात बसून वाट पाहण्यात अर्थ नाही. पण वस्तीत जायचं तर बरोबर द्यायला ना डॉक्टर होते, ना नर्स, ना खोली. होत्या त्या १४ आज्या. वस्तीतल्या दवाखान्यासाठी घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या, आपल्या आशाताईंसारख्या, पण वयानं मोठ्या. २००६ साली हरारे शहरातल्या म्बारे वस्तीत दवाखान्याच्या अंगणात, झाडाखाली एक लाकडी बाक टाकलं आणि त्यावर आजी बसायला लागली. डॉक्टरांनी बाकाला आधी मनाच्या आरोग्याचं बाक असं नाव दिलं होतं. आज्या म्हणाल्या, अशा नावाच्या बाकावर कुणी बसणार नाही. मग नाव झालं मैत्रीचं बाक. बघा, नावाची गोष्ट डॉक्टरपेक्षा आज्यांना आधी कळली.

त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला एक शब्द आहे, कुफुंगिसिसा. म्हणजे फार विचार करणं. आपण म्हणतो ना, “तिला विचार लागलाय”, तेच. आजी समोरच्या बाईला चौदा साधे प्रश्न विचारते. झोप लागते का, फार विचार येतात का, जीव द्यावासा वाटतो का, असे. मग पहिलं काम, मन उघडणं. बाई बोलते, आजी ऐकते. बाईनं सांगितलेल्या दहा अडचणींतली एकच निवडायची. कोणती, ते बाईनं ठरवायचं. त्या एका अडचणीवर या आठवड्यात करता येईल असं एक काम ठरवायचं आणि पुढच्या वेळी येऊन सांगायचं. अशा सहा भेटी. त्यानंतर बायकांचा गट, जिथं त्या गोलात बसून वाया गेलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात. आमचे पापड आम्हाला इथं आठवले.

याचा उपयोग होतो की नुसतं बोलणं आहे, हे त्यांनी तपासूनही पाहिलं. ५७३ माणसांचे दोन भाग केले. एका भागाला बाकावरची आजी मिळाली, दुसऱ्याला दवाखान्यातली नेहमीची सेवा आणि थोडी माहिती. सहा महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या सेवेतल्या शंभरातल्या ५० जणांना उदासीचा त्रास होता. आजी मिळालेल्यांत तो शंभरातल्या १४ जणांना होता. २०१६ साली हे डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं.

आजीला औषध देता येत नव्हतं, कर्ज फेडता येत नव्हतं, पडलेलं घर बांधता येत नव्हतं. ती ऐकत होती. पण ऐकणं म्हणजे गप्प बसणं नाही, आणि ते दिसतं तेवढं सोपंही नाही. आपल्या तोंडात काही वाक्यं तयारच असतात. “देवाची मर्जी.” “लेकरांकडं बघून जग.” “माझ्यावर काय काय आलं ते ऐकलंस तर...” यातलं प्रत्येक वाक्य चांगल्या मनानंच निघतं, पण त्यानं समोरचीचं तोंड बंद होतं. त्यापेक्षा “मग काय झालं?” एवढंच विचारा. नाहीतर “हं” म्हणा. ती थांबली तर तुम्हीही थांबा. ती दोन वाक्यं बोलून शेळ्यांच्या विषयाकडं वळली तर तिच्याबरोबर शेळ्यांकडं वळा. जखमेवरची पट्टी आपण रोज उचलून बघत नाही, तसंच हेही आहे. किती उघडायचं आणि कधी झाकायचं, हे जिची जखम तिनं ठरवायचं. ज्या बाईला बोलायचंच नाही तिला बोलतं करायचा हट्ट नको. तिच्या शेजारी बसून शेंगा फोडल्या तरी पुष्कळ झालं.

आणि गटात बोललेलं गटातच राहिलं पाहिजे. हे जमत नसेल तर सुरूच करू नका, आम्ही स्पष्ट सांगतो. दुपारी पापडाच्या पोळपाटावर सांगितलेलं संध्याकाळी हापशावर ऐकायला आलं, तर ती बाई पुन्हा जन्मात तोंड उघडणार नाही. आम्ही हिशोब झाल्यावर पाव तास ठेवतो, वही मिटूनच. त्यातलं काही इतिवृत्तात लिहिलं जात नाही.

काही गोष्टी मात्र ऐकून घेण्यावर थांबवायच्या नाहीत. घरात मारहाण होत असेल तर तिथं दुःखाला सामोरं जा, समजून घे, असलं काही बोलू नका. तिथं आधी बाईचा जीव सुरक्षित व्हायला हवा. १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे, तातडीला ११२ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडं तक्रार देता येते. मार खाणारीला माफ करायला शिकवणं हे आमच्या गटाचं काम नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. एखादी बाई म्हणायला लागली की मी नसले तरी चालेल, तिची भांडी, साड्या वाटून टाकायला लागली, लेकरांना बहिणीच्या हवाली करायच्या गोष्टी करायला लागली, तर तिला सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं डोक्यात भरवलं जाईल, ही भीती बाळगू नका. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. तिला एकटी सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडं द्या, हे तर त्या दिवसाची वाट न बघता आजच करा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारचा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. आम्ही तो गटाच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलाय. कुणी प्रयत्न केला आणि वाचलं, तर पोलिसांच्या भीतीनं घरात लपवून ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याप्रमाणं असा माणूस मोठ्या ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे असतात. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. त्यांनी गोळ्या दिल्या तर घ्यायच्या, मधेच बंद करायच्या नाहीत. बाळंतीण बाई दोन आठवडे झाले तरी रडत असेल, बाळाला जवळ घेत नसेल, तर ते नखरे नाहीत. तिलाही दाखवा.

आणखी एक बोलायचं राहिलं. काही दुःखं नशिबानं येतात, काही आपण रीत म्हणून वरून घालतो. काकूंच्या मनगटात गेलेली काच नशिबाची नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं, की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा. आमच्या गावात ठराव अजून झालेला नाही. दोन ग्रामसभांत विषय निघाला आणि दोन्ही वेळा चहा आल्यावर मागं पडला. तिसऱ्यांदा आम्ही तो लेखी देणार आहोत, अर्जावर पहिला अंगठा काकूंचा आहे. आमच्या ताईनं मात्र ठरावाची वाट पाहिली नाही. गेल्या संक्रांतीला ती हळदीकुंकवाला आली. कुंकू लावायचं की नाही, हे आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली, टिकली लावते, छोटी. आल्या-गेल्या बायकांपैकी दोघी कुजबुजल्या. ताईनं तिळगूळ घेतला आणि त्या दोघींनाही दिला.

आमच्या बचतीच्या वहीचं शेवटचं पान आम्ही वेगळं ठेवलं आहे. त्यावर पैशाचा आकडा नाही. तारखा आहेत. कुणाचे मालक कोणत्या तारखेला गेले, कुणाचं लेकरू कधी गेलं, एकीचं तर जन्माला येण्याआधीच गेलेलं, ज्याचं बारसं नाही की दहावा नाही, त्याचीही तारीख तिनं लिहायला लावली. त्या दिवशी आमच्यातल्या दोघीतिघी तिच्या घरी जातात. काही बोलायचं ठरवून जात नाही. या महिन्यात त्या पानावर दोन तारखा आहेत. एक येऊन गेली. दुसरी परवा आहे, ताईच्या मालकांची. त्या दिवशी तिच्या रानात खुरपणी आहे, म्हणून आम्ही तिघी आपापली खुरपी घेऊनच जाणार आहोत, भाकरी बरोबर बांधून.

बरं, वेळ झाली. पुढच्या भागात सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं, कोणते कागद लागतात, ते ऐकू. नमस्कार.